फ्रिजमधील दुर्गंधीचा ताळेबंद

फ्रिज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. गुवाहाटीपासून पणजीपर्यंत कोठेही बदली झाली, तरी दोन खोल्यांच्या नव्या संसारात गॅसच्या शेगडीपाठोपाठ प्रवेश करणारी वस्तू बहुधा हीच असते. अन्न टिकविण्याचे आपले काम फ्रिज इतक्या मुकाट्याने करीत असतो, की दार उघडताच नाकाला रुमाल लावण्याची वेळ येईपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मग घरोघरी ठरलेले उपचार सुरू होतात. कोणी अर्धे लिंबू ठेवते, कोणी वाटीभर खाण्याचा सोडा, कोणी कोळशाचे तुकडे, तर कोणी व्हॅनिला इसेन्समध्ये बुडविलेला कापसाचा बोळा. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर होतो. लिंबू वा सोडा निरुपयोगी असतो असे मुळीच नाही. उपाय आधी आणि निदान नंतर, असा उलटा क्रम लागल्यामुळे तो वाया जातो.

वास येतो याचा अर्थ कोणत्या तरी पदार्थाचे रेणू हवेत मिसळून आपल्या नाकापर्यंत पोहोचत आहेत. म्हणजेच तो पदार्थ कोठेतरी शिल्लक आहे. दिवसाअखेर हिशेबात फरक निघाला, तर तो सस्पेन्स खात्यात टाकून त्या दिवसापुरती पाने जुळविता येतात. परंतु मूळ नोंद सापडेपर्यंत फरक मिटत नाही, हे बँकेतील कोणासही सांगावयास नको. फ्रिजमध्ये सुगंधी द्रव्ये ठेवणे हा त्यातलाच प्रकार होय.

थंडीने जंतू मरतात असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः थंडीने त्यांची वाढ मंदावते, इतकेच. उबदार हवेत आणि अनुकूल अन्नावर काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. फ्रिजमधील चार अंश सेल्सिअस तापमानाला त्याच वाढीस कित्येक तास लागतात. तथापि जंतूंच्या काही जाती थंडीला सरावलेल्या आहेत. स्यूडोमोनास या कुळातील जंतू फ्रिजच्या तापमानातही आपला संसार व्यवस्थित चालवितात. फ्रिजमध्ये ठेवूनही दुधाला, मटणाला किंवा मासळीला जो कुजकट वास येतो, तो पुष्कळदा त्यांचीच करणी असते. फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांना ही वाढ थांबते खरी. पण तेथेही सारे जंतू मरत नाहीत. पुष्कळसे नुसते निद्रिस्त होतात आणि ऊब मिळताच जागे होतात.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दुर्गंधी हा अन्न नासल्याचा पुरावा आहे. दुर्गंधी नसणे हा मात्र अन्न सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. लिस्टेरिया नावाचा जंतू अन्नाच्या वासात वा चवीत काहीही फरक न करता फ्रिजमध्ये वाढू शकतो, आणि गर्भवती स्त्रिया, वयोवृद्ध व अशक्त व्यक्ती यांना त्यापासून गंभीर आजार संभवतो. ‘वास घेऊन पाहिला, चांगले आहे’ हा आपल्या घरांतील अखेरचा निवाडा असतो. नाक हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याला न्यायाधीश करू नये.

वासाची तीन कुळे

सर्व दुर्गंधी एका जातीची नसते, म्हणून सर्वांवर एकच औषध चालत नाही. हा भाग थोडा रसायनशास्त्राचा आहे, परंतु स्वयंपाकघरातील अनुभवाने सहज समजण्यासारखा आहे.

पहिले कुळ आम्लांचे. सांडलेले दूध, विसरलेले ताक, खवट झालेले लोणी यांचा वास ब्युटिरिक आम्लासारख्या द्रव्यांमुळे येतो. खाण्याचा सोडा हा सौम्य अल्कधर्मी असल्याने आम्लाशी त्याचा संयोग होऊन क्षार तयार होतो, आणि क्षार हवेत उडत नसल्यामुळे वास थांबतो. येथे सोडा खरोखर गुणकारी आहे.

दुसरे कुळ मासळीचे. समुद्रातील माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे एक गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यानंतर जंतू त्याचे रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात, आणि शिळ्या मासळीचा तो परिचित वास सुटतो. हे द्रव्य स्वतःच अल्कधर्मी असल्याने त्याच्यावर सोड्याची मात्रा फारशी चालत नाही. त्याला आम्लच हवे. बांगडा-सुरमईला लिंबू किंवा कोकमाचे आगळ चोळून ठेवण्याची आपल्या किनाऱ्यावरील रीत याच तत्त्वावर उभी आहे. ती पाडणाऱ्या आज्या-पणज्यांना ट्रायमिथिलअमाइनचे नाव ठाऊक नव्हते, एवढेच. तेव्हा ज्या फ्रिजमध्ये मासळी नासली असेल तो आधी साबणाने धुऊन नंतर पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन पुसावा. सोड्याची पाळी त्यानंतरची.

तिसरे कुळ गंधकयुक्त द्रव्यांचे. सडलेली अंडी, कोबी, चिरून उघडा ठेवलेला कांदा, लसणाची चटणी आणि नासलेले मांस या कुळात मोडतात. ही द्रव्ये अत्यल्प असली तरी नाकाला चटकन कळतात, आणि त्यांच्यावर सोडा किंवा लिंबू यांपैकी कशाचाही विशेष प्रभाव पडत नाही. येथे अॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे प्रक्रिया करून सच्छिद्र बनविलेला कोळसा, उपयोगी पडतो. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो, आणि वासाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. शेगडीतला साधा लाकडी कोळसाही हेच काम करतो, पण पुष्कळ कमी प्रमाणात.

सोड्याचा पुडा उघडून फ्रिजच्या कोपऱ्यात ठेवण्याच्या प्रथेविषयी येथेच सांगून टाकतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण परिचयाचे असेल. अमेरिकेत घरी पाव-केक भाजण्याची पद्धत कमी झाल्याने सोड्याचा खप रोडावला, तेव्हा ‘आर्म अँड हॅमर’ या नाममुद्रेने १९७० च्या दशकात ‘पुडा उघडून फ्रिजमध्ये ठेवा’ असा प्रचार केला आणि तो कमालीचा यशस्वी ठरला. विपणनशास्त्राच्या दृष्टीने तो नमुनेदार आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र अरुंद तोंडाच्या पुड्यातील सोड्याचा हवेशी संपर्क फारच थोडा येतो. ठेवायचाच तर पसरट ताटलीत पातळ थर करून ठेवावा आणि महिना-दीड महिन्याने बदलावा. जुना सोडा मोरी धुण्यास वापरता येतो.

शोध कोठे घ्यावा

फ्रिज रिकामा करून आतील कप्पे पुसले म्हणजे स्वच्छता झाली, असे आपण समजतो. दुर्गंधीचे मूळ पुष्कळदा जेथे हात पोहोचत नाही तेथेच असते.

फ्रिजच्या आतील मागच्या भिंतीच्या तळाशी एक लहानसे छिद्र असते. भिंतीवर जमलेले दव किंवा वितळलेला बर्फ त्यातून खाली जातो आणि मागील बाजूस, कॉम्प्रेसरच्या वर बसविलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये साचतो. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते पाणी हळूहळू उडून जावे, अशी ही योजना आहे. योजना उत्तम आहे. पण या मार्गाने केवळ पाणीच जाते असे नाही. वरच्या कप्प्यात सांडलेले दूध, आमटीचा ओघळ, कोथिंबिरीची सडकी पाने, मांसाच्या पिशवीतून झिरपलेले रक्त हे सारे त्याच वाटेने खाली उतरते. पाणी उडून जाते, बाकीचे ट्रेमध्ये राहते आणि तेथील उबेत आंबते. आत सारे लख्ख असूनही स्वयंपाकघरात वास दरवळत असेल, तर प्रथम हा ट्रे पाहावा. कित्येक घरांत फ्रिज विकत घेतल्यापासून तो कोणी पाहिलेलाच नसतो.

त्यासाठी फ्रिजचे बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा आणि मगच फ्रिज भिंतीपासून पुढे ओढावा. कॉम्प्रेसर तापलेला असतो, म्हणून अर्धा तास थांबावे. ट्रे निघत असेल तर काढून साबणाने धुवावा. काही नमुन्यांत तो पक्का बसविलेला असतो, तेव्हा फडक्याने टिपून पुसावा. छिद्र आणि त्याची नळी साफ करण्यासाठी सुई काढलेली मोठी सिरिंज घेऊन सोड्याचे कोमट पाणी दोन-चार वेळा सोडावे. तार खुपसू नये, नळी फाटते.

दुसरी जागा दाराच्या रबरी पट्टीची, जिला कारागीर गॅस्केट म्हणतात. तिच्या घड्यांत अन्नाचे कण आणि ओलावा अडकून काळी बुरशी धरते. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात ती घासावी आणि कोरडी करावी. पट्टी सैल झाली असेल तर बाहेरची दमट हवा आत येत राहते, तापमान चढते आणि नासण्याचा वेग वाढतो. हे तपासण्यासाठी दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सहज सरकली तर गॅस्केट बदलण्यास झाले आहे. पुष्कळ ठिकाणी ही परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने करावी असे सांगितले जाते, परंतु रिझर्व्ह बँकेचे स्वच्छ नोट धोरण १९९९ पासून अस्तित्वात असता आपण तरी ती ओल्या दारात धरू नये.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये एकच पंखा फ्रीझरची आणि खालच्या भागाची हवा खेळवीत असल्याने एका कप्प्यातला वास साऱ्या कप्प्यांत पोहोचतो. खाली उघड्या ठेवलेल्या फणसाच्या गऱ्यांचा वास वर बर्फाला लागतो तो यामुळेच. स्निग्ध पदार्थ तर वास ओढून घेण्यात पटाईत असतात. उघडे लोणी, साय आणि खवा यांना शेजाऱ्याचा वास सर्वांत आधी लागतो. बदलीच्या निमित्ताने देशभर फिरणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना याचा अनुभव निरनिराळ्या रूपांत येतो. आसामात खोरिसा म्हणजे आंबविलेले बांबूचे कोंब, त्रिपुरात शिदल म्हणजे मुरविलेली मासळी, आपल्याकडे सुके बोंबील. हे पदार्थ नासलेले नसतात. तीव्र वास हाच त्यांचा स्वभाव आहे. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाची काचेची बरणी हाच एक खरा उपाय. प्लॅस्टिकचा डबा वास शोषून घेतो आणि पुढे त्यात ठेवलेल्या श्रीखंडाला परत करतो.

प्रत्यक्ष धुण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा हे प्रमाण आतील भिंतींसाठी पुरेसे आहे. काचेचे कप्पे बाहेर काढून सामान्य तापमानाला येऊ द्यावेत. थंडगार काचेवर गरम पाणी ओतल्यास ती तडकते. बुरशी किंवा सडलेले मांस असेल तर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा सुगंधविरहित ब्लीच मिसळून शेवटचा हात फिरवावा आणि साध्या पाण्याने पुसून घ्यावे. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कदापि एकत्र आणू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त द्रावण यांची भेटही तितकीच घातक.

वीज गेल्यानंतर

येथवर नित्याच्या दुर्गंधीचा विचार झाला. वीज दीर्घकाळ गेल्यावर येणारी दुर्गंधी निराळी. मे २०१९ मध्ये ओडिशात फनी, मे २०२० मध्ये बंगालमध्ये अंफान आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग अशी चक्रीवादळे आली, आणि प्रत्येक वेळी हजारो घरांतील फ्रिज बंद पडले. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील काही गावांत वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. जून महिना, दमट हवा आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून भरून ठेवलेला फ्रीझर. पुढे काय झाले असेल, हे किनाऱ्यावरील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या वर्षी कर्जोत्तर पाहणीच्या निमित्ताने मासळी विकणाऱ्या एका महिला बचत गटाकडे जाण्याचा योग आला. गटाने कर्ज काढून आडवा डीप फ्रीझर घेतला होता. वादळाने त्याला ओरखडाही उठला नव्हता; वीज आल्यावर तो निमूटपणे पुन्हा थंड होऊ लागला. परंतु आतील मासळी नासून त्याचे पाणी तळाशी साचले होते. बायकांनी तो सोडा, लिंबू, चिंच, राख अशा सर्व साधनांनी पाच वेळा धुतला होता. चालू असताना वास जवळजवळ येत नसे आणि बंद केला की दुसऱ्या दिवशी असह्य होई. ‘‘साहेब, धुवून धुवून हाताची सालं गेली. आता ह्यात मासळी भरायची की नाही, तेवढं सांगा,’’ असे गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींनी विचारले. हप्ता चालू होता, हंगाम तोंडावर होता, आणि नवा फ्रीझर म्हणजे नवे कर्ज.

या प्रश्नाचे उत्तर फ्रीझरच्या रचनेत आहे. आतील आणि बाहेरील भिंतींच्या मध्ये पॉलियुरेथेनच्या फेसाचा जाड थर असतो. थंडी धरून ठेवण्याचे काम तो करतो. आतील भिंत अखंड असेल तर धुतल्याने वास जातो. मात्र तळाच्या निचऱ्याच्या बुचाभोवती किंवा कोपऱ्यातील सांध्यात फट असेल आणि नासलेले पाणी त्या फेसात मुरले, तर कितीही धुतले तरी हात तेथवर पोहोचत नाही. परीक्षा सोपी आहे. फ्रीझर स्वच्छ धुऊन, कोरडा करून, प्लग काढून चुरगळलेली वर्तमानपत्रे आणि कोळसा भरून पाच-सहा दिवस ठेवावा, कागद रोज बदलावेत. त्यानंतर कागद काढून, झाकण लावून एक दिवस सामान्य तापमानाला ठेवावा. वास परतला नाही तर यंत्र वाचले. परतला, तर तो फेसातून येत आहे असे समजावे. थंडीत रेणू कमी उडत असल्याने चालू फ्रीझरमध्ये घेतलेली परीक्षा फसवी असते.

गटाच्या फ्रीझरमध्ये वास परतला. बुचाभोवतीची पट्टी उकललेली होती. त्यात विक्रीची मासळी ठेवू नये, हे सांगणे जड गेले. परंतु गिऱ्हाइकाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूबाबत दुसरे उत्तर नव्हते. मावशींनी फार वाद घातला नाही. फ्रीझर भंगारात गेला, गटाने तो हंगाम बर्फाच्या पेट्यांवर काढला आणि कर्जाचा आढावा नव्याने घेण्यात आला.

या निमित्ताने विम्याबाबतचा एक बारकावा ग्राहकांच्या ध्यानी आणून द्यावासा वाटतो. वादळाने यंत्राचे वा इमारतीचे झालेले नुकसान आणि वीज गेल्यामुळे मालाचे झालेले नुकसान या विम्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. तापमान बदलल्यामुळे शीतगृहातील माल नासल्यास सर्वसाधारण अग्निविमा पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी निराळे जोडसंरक्षण घ्यावे लागते. ज्यांचा व्यवसायच फ्रीझरवर चालतो त्यांनी पॉलिसीतील हे कलम वादळापूर्वी वाचावे.

घरगुती वापरासाठी काही अंदाज मात्र हाताशी असावेत. वीज गेल्यावर दार न उघडल्यास फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो; आपल्याकडील कडक उन्हाळ्यात यापेक्षा थोडे कमीच धरावे. म्हणून वीज गेली की ‘बघू या कसे आहे’ म्हणत दार उघडण्याचा मोह आवरावा.

दीर्घ रजेवर जाणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. एका वाटीत पाणी घेऊन त्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करावा आणि त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजीचे कारण नाही. ते बर्फाच्या तळाशी गोठलेले आढळले, तर आपल्या अनुपस्थितीत सारे वितळून पुन्हा गोठले आहे असे जाणावे आणि मांस, मासळी, दुग्धजन्य पदार्थ वास न घेताच टाकून द्यावेत. बाहेरून सर्व काही जागच्या जागी गोठलेले दिसते, म्हणूनच या एका नाण्याची साक्ष मोलाची ठरते.

बदलीचा आदेश आला आणि फ्रिज काही महिने बंद राहणार असेल, तर तो रिकामा करून, बर्फ पूर्ण वितळू देऊन, निचऱ्याच्या ट्रेसह कोरडा करावा. दार लावून ठेवू नये. रिकाम्या पण दमट, बंद फ्रिजमध्ये पंधरा दिवसांत बुरशी धरते. दाराच्या फटीत लाकडाचा ठोकळा किंवा गुंडाळलेला टॉवेल अडकवून ते बाहेरून दोरीने असे बांधावे, की हवा खेळेल पण घरातले किंवा शेजारचे लहान मूल लपंडावात आत शिरू शकणार नाही.